हिराबाई बडोदेकर : आडनावामागची गोष्ट

गेल्या कोजागरीला हरणीतल्या आपल्या एका सभासदांच्या गच्चीवर दूध आटत होते, तेव्हा कुणीतरी मोबाईलवर हिराबाई बडोदेकरांचे जुने ध्वनिमुद्रण लावले. खरखर बरीच होती, पण पहिलाच सूर असा लागला की पत्ते खेळणारेही थांबले. "आपल्या बडोद्याच्या हो या!" एका काकांनी अभिमानाने सांगितले. तेवढ्यात सहावी-सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, त्या कुठे राहायच्या? दांडिया बाजारात की रावपुऱ्यात?"

काका गप्प झाले आणि आम्हीही. कारण खरे उत्तर असे आहे की हिराबाई दांडिया बाजारातही राहत नव्हत्या आणि रावपुऱ्यातही नाही. त्यांचा जन्म मिरजेचा, आयुष्य गेले मुंबईत आणि पुण्यात. मग बडोदेकर कशा? त्या मुलीला त्या रात्री आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून हा लेख. उत्तर थोडे लांबलचक आहे आणि सगळेच अभिमानाचे नाही.

बडोद्यातून निघालेले दोघे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोदे हे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे मोठे ठिकाण होते. संस्थानात गवई, बीनकार, सनईवाले, नाचणाऱ्या बाया या सर्वांसाठी 'कलावंत कारखाना' नावाचे स्वतंत्र खाते होते. पगार, रजा, हजेरी सगळे कागदावर. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या काळात मौलाबक्ष यांनी गायनशाळा सुरू केली. सुरसागरासमोर आज आपली मुले ज्या इमारतीत संगीत आणि नृत्य शिकायला जातात, तिची परंपरा थेट तिथपर्यंत पोचते.

याच बडोद्यात किराण्याहून एक तरुण गवई आला. त्याचे नाव अब्दुल करीम खाँ, जन्म १८७२ चा. आवाज बारीक, गोड आणि सुराला पक्का. त्याच्याकडे गाणे शिकणाऱ्यांमध्ये ताराबाई माने होत्या. त्यांचे वडील सरदार मारुतीराव माने यांचे राजघराण्याशी नाते होते. शिकता शिकता दोघांचे मन जुळले. सरदाराची मराठा मुलगी आणि दरबारचा मुसलमान गवई हे लग्न त्या काळात बडोद्यात होणे शक्यच नव्हते. दोघांनी शहर सोडले. आधी मुंबई आणि मग मिरज अशी त्यांची वाट झाली.

आपल्या शहराने त्यांना निरोप दिला नाही, आशीर्वादही दिला नाही. ही गोष्ट आपण सांगताना 'पळून गेले' एवढ्या दोन शब्दांत उरकतो. पण ताराबाईंसाठी त्या दोन शब्दांत माहेर, नातेवाईक आणि सरदारघराण्याची सगळी सुरक्षितता गेली होती. परतीची वाट राहिली नव्हती.

पाच मुले, दोन-दोन नावे

ताराबाई आणि खाँसाहेबांना पाच मुले झाली. थोरला अब्दुल रहमान, धाकटा कृष्णा, आणि चंपाकली, गुलाब, सकीना या तीन मुली. चंपाकली म्हणजे आपल्या हिराबाई, जन्म १९०५. १९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थी घरातच राहत, घरातच जेवत, आणि पहाटेपासून रियाज चाले. मुलांच्या कानावर दुसरे काही पडण्याची शक्यताच नव्हती.

पण संसार टिकला नाही. १९२० च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. घर दुसऱ्यांदा मोडले. या वेळी पदरात पाच मुले होती आणि मिळकतीचा भरवसा नव्हता.

ताराबाईंनी मुलांना नव्याने नावे दिली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, कृष्णाचे कृष्णराव माने. चंपाकलीची हिराबाई आणि गुलाबची कमलाबाई झाली, आणि दोघींनी बडोदेकर हे आडनाव लावले. सकीना सरस्वतीबाई झाली. तिला आपण सरस्वती राणे म्हणून ओळखतो. 'रामराज्य' (१९४३) चित्रपटातल्या त्यांच्या पार्श्वगायनाची आठवण आपल्या ज्येष्ठांना असेलच.

इथे आडनावाचा अर्थ समजून घ्यायला हवा. त्या काळच्या बऱ्याच गाणाऱ्या स्त्रियांची आडनावे गावावरून आलेली दिसतात. केरीच्या केसरबाई त्या केरकर, कुर्डीच्या मोगूबाई त्या कुर्डीकर. ज्या घरांत वडिलांचे नाव लावण्याची सोय नसे किंवा ते लावल्याने प्रश्न वाढत, तिथे गाव मदतीला येई. हिराबाईंच्या बाबतीत गंमत अशी, की जे गाव आईला सोडावे लागले तेच मुलींच्या नावात आले. ज्या शहराने ताराबाईंना थारा दिला नाही, त्या शहराचे नाव त्यांच्या मुलीने सत्तर वर्षे देशभर मिरवले. तेव्हा बडोद्याने हिराबाईंना नाव दिले असे आपण म्हणतो, ते उलटे आहे. हिराबाईंनीच बडोद्याचे नाव स्वतःकडे घेतले.

मांडी घालून बसलेली बाई

हिराबाईंना मुख्य तालीम मिळाली ती वडिलांचे नातलग असलेल्या अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. किराणा घराण्याचा सगळा भर सुरावर. एकेक स्वर घ्यायचा, त्याच्यावर थांबायचे, त्याची गोडी पुरती बाहेर आली की मग पुढच्याकडे जायचे. घाई नाही, आदळआपट नाही. हिराबाईंचा आवाज या गायकीसाठीच घडवल्यासारखा होता.

पण आवाज चांगला असणे पुरेसे नव्हते. १९२० च्या दशकात 'चांगल्या घरची' बाई लोकांसमोर गात नसे आणि गाणारी बाई 'चांगल्या घरची' मानली जात नसे. गाणे ऐकायचे ते एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात. पैसे देणारा एक, म्हणून गाणे काय असावे, किती वेळ चालावे, गाणारीने कुणाकडे पाहून हसावे, हेही तोच ठरवणार. त्या घरातल्या स्त्रिया ऐकत असल्याच तर पडद्याआडून.

हिराबाई पंधरा-सोळा वर्षांच्या असताना विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या जलशात गायल्या. पुढे त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली सुरू केल्या. असे करणाऱ्या पहिल्या स्त्री-गायिकांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. अंगभर पदर घेऊन, पुरुष गवयाप्रमाणे तानपुऱ्यांच्या मध्ये मांडी घालून बसायचे, हातवारे आणि अदा नाहीत, समोर फक्त गाणे.

आज यात विशेष काय ते कळत नाही. पण तिकीट या साध्या गोष्टीचा विचार करून पाहा. तिकीट काढणारे शंभर-दोनशे जण असले की त्यातला एकही मालक नसतो. कारकून येतो, मास्तर येतात, आणि मुख्य म्हणजे ते बायकोला आणि मुलींना घेऊन येतात. दिवाणखान्यातले गाणे सभागृहात आले, तशी त्याची श्रोत्यांची जातच बदलली. आपल्या आज्या-पणज्यांनी पहिले शास्त्रीय गाणे समोर बसून ऐकले असेल, तर ते बहुधा अशाच एखाद्या तिकिटाच्या जलशात.

नाटक कंपनी आणि कर्ज

हा सगळा चढता प्रवास वाटेल, पण मध्ये मोठा खड्डा होता.

ताराबाईंनी नूतन संगीत विद्यालय काढले होते. १९२९ साली त्याचीच नाट्यशाखा सुरू झाली. 'सौभद्र'सारखी नाटके आणि त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच करायची. त्या वेळी मराठी रंगभूमीवर सुभद्रा, रुक्मिणी, भामिनी म्हणजे पुरुष नट, आणि त्यांचा राजा बालगंधर्व. त्यांच्या कंपनीला बडोद्याचा राजाश्रय होता हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. तेव्हा चित्र असे होते, की बडोद्याच्या आश्रयाने चालणाऱ्या कंपनीत पुरुष शालू नेसत होते, आणि बडोद्याचे आडनाव लावणारी मुलगी कोणाच्याही आश्रयाशिवाय स्वतः सुभद्रा होऊन उभी राहत होती. भावंडेही तिच्याबरोबर रंगभूमीवर उतरली.

लोकांनी नाटके पाहिली, गाणी डोक्यावर घेतली. पण संगीत नाटक कंपनी म्हणजे फिरते गावच असे. नट, साजिंदे, पडदे ओढणारे, आचारी, वाढपी या सगळ्यांचा पगार आणि दोन वेळचे जेवण, नाटक असो वा नसो. पडदे, कपडे, पेट्या रेल्वेच्या वाघिणीतून गावोगाव न्यायच्या. थिएटरचे भाडे आगाऊ. पावसाळ्यात उत्पन्न जवळजवळ नाहीच. एवढा डोलारा कर्जावरच उभा राही.

आणि नेमका त्याच वेळी बोलपट आला. १९३१ मध्ये 'आलम आरा', १९३२ मध्ये मराठीत 'अयोध्येचा राजा'. चित्रपट डब्यातून येतो, त्याला जेवण लागत नाही, दिवसात अनेक खेळ होतात आणि तिकीट स्वस्त. वर जगभर मंदी. मोठमोठ्या नाटक कंपन्या कोलमडल्या, खुद्द बालगंधर्वही कर्जात बुडाले. हिराबाईंची कंपनी काही वर्षांतच बंद करावी लागली आणि कर्ज उरले.

त्या वेळी त्या तिशीच्याही आत होत्या. त्यांनी पुन्हा तानपुरे उचलले. गावोगावी मैफली, ग्रामोफोनच्या तबकड्या, रेडिओ, काही चित्रपटांतली कामे, असे करत त्यांनी देणी फेडली. रसिकांना आवडतील अशी भावगीते आणि भजने त्या गायल्या, म्हणून काही जाणकारांनी नाके मुरडली. पण ज्या तबकड्यांमुळे हिराबाई घराघरांत पोचल्या, त्यांतल्या बऱ्याचशा याच काळातल्या, हे आपण विसरू नये.

तिकडे अमेरिकेत

हे दुःख एकट्या आपल्याकडचे नव्हते. आपली बरीच मुले आज अमेरिकेत आहेत. सुट्टीत घरी येतात तेव्हा त्यांच्या कानातल्या यंत्रावर जे 'आर अँड बी' वाजत असते, त्याचे मूळ ब्लूज नावाच्या काळ्या लोकांच्या गाण्यात आहे. त्या गाण्याची सम्राज्ञी म्हणून ओळखली जाणारी बेसी स्मिथ ही हिराबाईंच्याच काळातली. ती अत्यंत गरीब घरातून, रस्त्यावर गाऊन वर आली. १९२३ साली तिची पहिली तबकडी निघाली आणि तुफान खपली. पण कंपनी तिला एका गाण्याचे ठरावीक पैसे देई, खपातला वाटा नाही. पुढे बोलपट, रेडिओ आणि मंदी यांनी तिची नाटकशाळा आणि तबकड्या दोन्ही बुडवल्या, आणि १९३१ मध्ये कंपनीने तिचा करार संपवला. १९३७ मध्ये ती मोटार अपघातात गेली. तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसवायला १९७० साल उजाडले, आणि त्याचा खर्च जॅनिस जॉपलिन या गायिकेने आणि बेसीच्या घरी पूर्वी काम केलेल्या एका बाईने मिळून केला.

योगायोगाने त्याच १९७० साली भारत सरकारने हिराबाईंना पद्मभूषण दिले. एकाच वादळात सापडलेल्या दोन गायिका. एक बुडाली, एक तरली. हिराबाई अधिक गुणी होत्या म्हणून तरल्या असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यापाशी तीन गोष्टी होत्या ज्या बेसीपाशी नव्हत्या : पाठीशी उभी राहणारी आई, एकत्र गाणारी भावंडे, आणि तिकीट काढून येणारा मध्यमवर्गीय श्रोता.

सुरेशबाबू : जो मागे राहिला

या भावंडांतला सगळ्यात मोठा गुणी कोण, असे जाणकारांना विचारले तर अनेकजण हिराबाईंचे नाव घेत नाहीत. ते सुरेशबाबू मान्यांचे घेतात.

सुरेशबाबूंनी वडिलांकडून आणि अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून गाणे घेतले होते. हार्मोनियमवर त्यांचा हात असामान्य होता. रंगभूमीवर ते गायले. प्रभातच्या 'अमृतमंथन' (१९३४) या चित्रपटात त्यांनी माधवगुप्ताची भूमिका केली. धाकट्या बहिणीला त्यांनी शिकवले. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, प्रभा अत्रे हे सगळे त्यांच्या तालमीतले. या तिघांचीच नावे घेतली तरी एका माणसाने महाराष्ट्राच्या गाण्याला काय दिले ते कळते.

पण नाव झाले ते शिष्यांचे. सुरेशबाबूंची ध्वनिमुद्रणे मोजकीच आहेत. १९५३ साली, वयाच्या पन्नाशीत, ते गेले. त्यांच्यानंतर प्रभाताईंना पुढची तालीम हिराबाईंनी दिली. भावाचे अर्धे राहिलेले काम बहिणीने पुरे केले. प्रभाताई २०२४ च्या जानेवारीत गेल्या, त्याच्या थोडे आधीपर्यंत त्या गात होत्या. ताराबाईंच्या घरातला सूर एवढा लांब आला.

वडिलांचे काय? अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोईल या छोट्या स्टेशनावर गेले. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. घर दुभंगले, पण गाणे दुभंगले नाही. वडील, थोरला मुलगा आणि मुली यांची ध्वनिमुद्रणे एकामागून एक ऐकलीत, तर एकाच घराचा सूर ओळखू येतो.

पुढचे आयुष्य

हिराबाईंना १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'गानहिरा' म्हणून त्या ओळखल्या गेल्या. उतारवयात त्यांनी सरस्वतीबाईंबरोबर जोडीने गायला सुरुवात केली. दोन स्त्रियांची शास्त्रीय जुगलबंदी तोवर कुणी फारशी ऐकली नव्हती. २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

गंगूबाई हनगलांसारख्या नंतरच्या गायिका ज्या रस्त्याने आल्या, तो रुंद करण्यात हिराबाईंचा वाटा मोठा. आज आपल्या मंडळाच्या दिवाळी पहाटेला एखादी सून किंवा लेक निर्धास्तपणे मंचावर बसून गाते आणि सासूबाई पहिल्या रांगेत बसून दाद देतात. हे काही आपोआप झालेले नाही.

तर मग त्या 'आपल्या' का?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. हिराबाई बडोद्यात कुठे राहायच्या? बाळ, त्या इथे राहत नव्हत्या. त्यांच्या आईला हे शहर सोडावे लागले होते. तरीही त्यांनी या शहराचे नाव लावले आणि ते मोठे केले.

म्हणून त्यांना 'आपल्या' म्हणायचे असेल, तर नुसत्या आडनावाच्या आधाराने म्हणू नये असे आम्हाला वाटते. आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे गायकवाडीत आली त्याला चार-पाच पिढ्या झाल्या. दांडिया बाजारातले वाडे गेले, आपण हरणी, समा, मांजलपूरच्या सदनिकांत आलो. घरात मराठी, बाहेर गुजराती, आणि सकाळी नाश्त्याला शेवउसळ. पण एक गोष्ट अजून फारशी बदललेली नाही. मुलीने गाणे शिकावे, परीक्षा द्याव्यात, मंडळात गावे, इथपर्यंत सगळ्यांना आनंद. ती म्हणाली की मला हेच करायचे आहे, की घरात शांतता पसरते. "छंद म्हणून ठीक आहे गं." आणि तिने निवडलेला माणूस आपल्यातला नसला, तर ती शांतता आणखी गडद होते.

ही दोन्ही वाक्ये आपल्या घरांतून या वर्षीही उच्चारली गेली आहेत. कुणाकडे बोट दाखवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही, आमच्या घरांतही तेच घडते. पण हिराबाईंचा फोटो मंचावर लावून हार घालायचा असेल, तर ताराबाईंचीही आठवण ठेवायला हवी. आईला बाहेर काढायचे आणि मुलीला आपली म्हणायचे, असे एकदा झाले आहे. पुन्हा व्हायला नको.

येत्या दिवाळी पहाटेत पहिला अर्धा तास हिराबाई, सुरेशबाबू आणि सरस्वतीबाई यांच्या ध्वनिमुद्रणांसाठी राखून ठेवायचे ठरले आहे. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या, नाटकांच्या जाहिराती किंवा जलशांची तिकिटे असतील तर कार्यकारिणीला जरूर कळवा. तबकडी तुटलेली असली तरी चालेल, वरचे लेबल वाचता आले म्हणजे झाले. आणि येताना मुलींना घेऊन या. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिने त्या दिवशी निवेदन करायचे कबूल केले आहे.